युरोपात धावण्यासाठी मॅरेथॉन कशी निवडावी

युरोपात मॅरेथॉनचा मुख्य हंगाम फेब्रुवारीपासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. एप्रिल किंवा ऑक्टोबरमधले काही रविवार तर असे असतात की एकाच सकाळी अनेक देशांत ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यती सुटतात. इतके पर्याय असूनही बहुतेक धावपटू आधी लंडन, बर्लिन किंवा पॅरिस असे एखादे नाव पक्के करतात आणि त्यानंतर सराव, रजा, व्हिसा व खर्च त्या नावाभोवती बसवण्याची धडपड करतात. शर्यतीची कीर्ती खोटी नसते, पण तिसाव्या किलोमीटरनंतर ती पायांच्या उपयोगी पडत नाही. तिथे उपयोगी पडतात ते त्या दिवसाचे हवामान, मार्गाचा चढउतार, रस्त्याचा पृष्ठभाग, वेळेची मर्यादा आणि आदल्या दोन दिवसांत मिळालेली विश्रांती. म्हणून निवडीची सुरुवात हेतूपासून करावी, मग महिना ठरवावा, मार्ग तपासावा, प्रवेशाची वाट शोधावी आणि शहराचे नाव या सगळ्यातून पुढे येऊ द्यावे.

हेतू एका वाक्यात लिहून काढावा

पहिले काम कागदावर करायचे आहे. आपण ही शर्यत कशासाठी धावणार आहोत, हे एका वाक्यात लिहावे आणि त्या वाक्यात एकच हेतू असावा. स्वतःची सर्वोत्तम वेळ नोंदवणे, आयुष्यातली पहिली मॅरेथॉन सुखरूप पूर्ण करणे, ऐतिहासिक मार्गावर धावण्याचे समाधान मिळवणे, जगातील प्रमुख मॅरेथॉनच्या मालिकेतील एक शर्यत आपल्या नावावर जमा करणे, किंवा कुटुंबासह सहल करताना त्यात एक शर्यत गुंफणे, हे पाच वेगवेगळे हेतू आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळ्या शहरांत सापडतात.

दोन हेतू एकत्र केले की गोंधळ होतो. अथेन्सच्या मूळ मार्गावर धावायचे आणि त्याच दिवशी आपली सर्वोत्तम वेळही नोंदवायची, ही इच्छा स्वाभाविक असली तरी तो मार्ग तिला साथ देणारा नाही. त्याचप्रमाणे शर्यतीच्या आधी चार दिवस संग्रहालये आणि राजवाडे पायी पाहायचे आणि रविवारी ताजेतवाने धावायचे, हेही जमत नाही. सहल करायचीच असेल तर ती शर्यतीनंतर ठेवावी. आधी ठेवावीच लागली, तर वेळेचे उद्दिष्ट त्याच दिवशी मनातून काढून टाकावे.

जागतिक प्रमुख मॅरेथॉनच्या मालिकेबद्दल इथेच सांगून टाकतो. त्या मालिकेतील लंडन आणि बर्लिन या दोनच शर्यती युरोपात होतात. ज्यांना ती मालिका पूर्ण करायची आहे त्यांच्यासाठी निवड झाल्यासारखीच आहे आणि त्यांचा खरा प्रश्न प्रवेशाचा आहे. इतरांनी या दोन नावांत अडकून पडण्याचे कारण नाही.

महिना: सरावाचा काळ आणि शर्यतीचा दिवस

महिना निवडताना दोन हवामानांचा विचार करावा लागतो. शर्यतीच्या दिवशी त्या शहरात काय असेल हे सगळे पाहतात. त्याआधीचे सोळा ते वीस आठवडे आपण जिथे सराव करणार आहोत तिथे काय असेल, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात उशिरा येते.

वसंत ऋतूतील शर्यती, म्हणजे मार्चमधील रोम व बार्सिलोना आणि एप्रिलमधील पॅरिस, रोटरडॅम, व्हिएन्ना, हॅम्बुर्ग व लंडन, यांचा दीर्घ धावांचा काळ जानेवारी ते मार्च असा येतो. ज्यांच्याकडे हिवाळा सौम्य असतो त्यांच्यासाठी हा काळ उत्तम आहे. युरोपच्या उत्तर भागात राहणाऱ्यांना मात्र अंधार, बर्फ आणि निसरडे रस्ते यांतून सराव करावा लागतो. शरद ऋतूतील शर्यतींचे नेमके उलटे आहे. सप्टेंबरच्या अखेरीस होणाऱ्या बर्लिनसाठी सर्वांत लांब धावा जुलै आणि ऑगस्टमध्ये पडतात. उष्ण, दमट हवेत सराव करणाऱ्याचा वेग त्या काळात मंद असतो, त्यामुळे थंड सकाळी आपण नेमके किती वेगाने धावू शकू याचा अंदाज बांधणे अवघड जाते. अशा धावपटूने ऑक्टोबरच्या अखेरची फ्रँकफर्ट किंवा डिसेंबरच्या पहिल्या रविवारची व्हॅलेन्सिया यांचा विचार करावा, असे माझे मत आहे, कारण शेवटच्या सहा आठवड्यांचा महत्त्वाचा सराव तुलनेने थंड दिवसांत होतो.

शर्यतीच्या दिवसासाठी साधारण ५ ते १२ अंश सेल्सियस तापमान, कमी वारा आणि ढगाळ आकाश हे वेगासाठी अनुकूल मानले जाते. मार्च ते एप्रिल आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ते मिळण्याची शक्यता चांगली असते, पण खात्री कुठेच नसते. २००७ साली एप्रिलमध्ये रोटरडॅमची शर्यत उष्णतेमुळे मध्येच थांबवावी लागली होती, आणि २०१८ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तापमान २४.१ अंशांपर्यंत चढले होते. या शहरांत पहाटेपर्यंत गारवा असतो. मात्र मोठ्या शर्यतीत धावपटूंना टप्प्याटप्प्याने सोडतात, त्यामुळे शेवटच्या तुकडीतला माणूस सकाळी उशिरा निघतो आणि भर दुपारी धावत असतो. पहिल्या तुकडीच्या सुटण्याची वेळ पाहून समाधान मानू नये. आपल्या तुकडीची सुटण्याची वेळ आणि आपल्याला धावायला लागणारा अपेक्षित वेळ यांची बेरीज करून पाहावी. मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला होणारी स्टॉकहोम मॅरेथॉन तर अनेक वर्षे दुपारी सुटत आली आहे, आणि उत्तरेकडचे शहर म्हणून तिथे थंडीच असेल असे गृहीत धरणाऱ्यांना तिथले ऊन त्रासदायक ठरू शकते.

वाऱ्याकडे दुर्लक्ष होते, विशेषतः नेदरलँड्सच्या बाबतीत. रोटरडॅम आणि अ‍ॅमस्टरडॅम दोन्ही सपाट आहेत, परंतु सपाट आणि उघड्या प्रदेशात वारा अडवायला काही नसते. अ‍ॅमस्टरडॅमच्या मार्गाचा अ‍ॅम्स्टेल नदीच्या काठाने जाणारा लांब भाग शांत दिवशी सुंदर असतो आणि वाऱ्याच्या दिवशी फार कष्टाचा. तिथे समूहाच्या आडोशाने धावायची तयारी ठेवावी.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे घड्याळातील बदल. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येते. फ्रँकफर्ट आणि डब्लिन या शर्यती बहुधा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात, आणि तेव्हा त्या रात्री झोपेला एक तास जास्त मिळतो. मार्चच्या शेवटच्या रविवारची शर्यत निवडणाऱ्याचा एक तास जातो, आणि पहाटे उठायचे असताना तो जाणवतो.

मार्ग वाचायला शिकावे

प्रत्येक आयोजक मार्गाचा नकाशा आणि उंचीचा आलेख प्रसिद्ध करतो. आलेखातील एकूण चढ हा आकडा पुरेसा नसतो. तो चढ कुठे येतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे. सुरुवातीच्या पाच किलोमीटरमधले पन्नास मीटर ताजे पाय सहज पेलतात. तेच पन्नास मीटर पस्तिसाव्या किलोमीटरला आले तर शर्यतीचे स्वरूप बदलते.

अथेन्सचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. नोव्हेंबरमध्ये होणारी ही शर्यत मॅरेथॉन या गावातून निघते, मॅरेथॉनच्या लढाईत पडलेल्या अथेन्सच्या सैनिकांच्या समाधी-टेकाडाला वळसा घालते आणि १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकच्या संगमरवरी पॅनाथेनाइक स्टेडियममध्ये संपते. स्पिरिदोन लुईस याच दिशेने धावत येऊन तेव्हा विजेता ठरला होता. या मार्गावर सुमारे दहाव्या किलोमीटरपासून एकतिसाव्या किलोमीटरपर्यंत रस्ता टप्प्याटप्प्याने चढत राहतो आणि त्यानंतर शहरात उतरतो. सुरुवातीचा सोपा भाग वेगात धावणारे विसाव्या किलोमीटरनंतर अडचणीत येतात, आणि शेवटच्या उताराचा लाभ त्यालाच होतो ज्याने मांड्यांत बळ राखून ठेवले आहे. हा मार्ग प्रत्येक धावपटूने कधीतरी धावावा असे मला मनापासून वाटते, परंतु पहिली मॅरेथॉन म्हणून तो सुचवण्याची माझी तयारी नाही.

वेगासाठी ओळखले जाणारे मार्ग निराळे आहेत. बर्लिनचा मार्ग सपाट आणि रुंद रस्त्यांचा आहे. एलिउद किपचोगे याने तिथे २०१८ साली २ तास १ मिनिट ३९ सेकंदांचा आणि २०२२ साली २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, तर तिगिस्त असेफा हिने २०२३ साली महिलांचा २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांचा विक्रम नोंदवला. रोटरडॅममध्येही १९८५ साली कार्लोस लोपेस, १९८८ साली बेलायनेह दिन्सामो आणि १९९८ साली तेगला लोरूपे यांनी जागतिक विक्रम केले. व्हॅलेन्सियाला २०२२ साली केल्विन किप्टम याने आपल्या पहिल्याच मॅरेथॉनमध्ये २ तास १ मिनिट ५३ सेकंद अशी वेळ दिली. फेब्रुवारीतील सेव्हिलही याच गटात मोडते. या आकड्यांचा सामान्य धावपटूला उपयोग एवढाच की मार्ग वेगात अडथळा आणत नाही याची त्यातून खात्री पटते. गर्दीचा प्रश्न त्यातून सुटत नाही. हजारोंच्या घोळक्यात चार तासांच्या वेगाने धावणाऱ्याला पहिले काही किलोमीटर स्वतःचा वेग धरता येत नाही, आणि म्हणून मध्यम आकाराची सपाट शर्यत अनेकदा अधिक चांगली वेळ देऊन जाते.

पृष्ठभागाची चौकशी वेगळी करावी. जुन्या युरोपीय शहरांच्या मध्यभागी दगडी फरसबंदी असते, आणि आयोजकांना तोच भाग दाखवायचा असतो. रोममध्ये छोट्या चौकोनी दगडांचे लांब पट्टे येतात, प्रागच्या जुन्या शहरात दगडी रस्ते आहेत आणि पॅरिसमध्येही असे तुकडे लागतात. पावसात हे दगड निसरडे होतात, आणि कार्बन प्लेटचे उंच, मऊ तळव्याचे बूट त्यांवर अस्थिर वाटतात. घोट्याची जुनी दुखापत असलेल्याने हे गांभीर्याने घ्यावे. पॅरिसमध्ये सेन नदीकाठचे भुयारी रस्ते येतात. तिथे घड्याळाचा उपग्रह-संकेत तुटतो आणि दाखवलेला वेग विश्वासार्ह राहत नाही, म्हणून किलोमीटरच्या फलकांवर स्वतः वेळ तपासण्याची सवय असावी. लंडनमध्ये मुख्य फलक मैलांचे असतात. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, हे धरून आपल्या वेगाचे मैलांतले गणित आधीच मनगटपट्टीवर लिहून नेणे सोयीचे ठरते.

व्हेनिसची शर्यत स्ट्रा गावातून निघून ब्रेंटा कालव्याकाठाने येते, लांब पूल ओलांडून शहरात शिरते आणि शेवटच्या टप्प्यात एकामागून एक पूल पार करते. पायऱ्यांवर रॅम्प टाकलेले असले तरी चाळिसाव्या किलोमीटरच्या आसपासचे ते छोटे चढउतार थकलेल्या पिंढऱ्यांची परीक्षा घेतात. इस्तंबूलची शर्यत आशियातून निघून बॉस्फरसवरील पुलावरून युरोपात येते. या दोन्ही शर्यती अनुभवासाठी निवडाव्यात. डोंगरात धावणाऱ्यांसाठी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राऊ मॅरेथॉन आहे. इंटरलाकेनहून निघणारा तो मार्ग पंचवीस किलोमीटरनंतर उभा चढू लागतो आणि एकूण चढ १,८०० मीटरहून अधिक भरतो. तिथली वेळ आणि रस्त्यावरच्या मॅरेथॉनची वेळ यांची तुलनाच होऊ शकत नाही.

मार्गाबद्दलची शेवटची तपासणी मोजमापाची. ज्यांना आपली वेळ दुसऱ्या शर्यतीच्या पात्रतेसाठी वापरायची आहे, उदाहरणार्थ अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनसाठी, त्यांनी मार्ग अधिकृतपणे मोजून प्रमाणित केलेला आहे याची खात्री करावी. इंग्लंडमधील मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ या तीन वर्षांत ३८० मीटर कमी असल्याचे नंतर आढळले आणि हजारो धावपटूंच्या वेळा बाद ठरल्या. २०२१ साली ब्रायटनचा मार्ग ५६८ मीटर जास्त भरला होता. मोठ्या शर्यतीत रस्त्यावर आखलेली रेषा प्रमाणित अंतर दाखवते. तिच्यापासून दूर राहून, वळणांवर बाहेरून धावले की आपल्या घड्याळात अंतर जास्त दिसते. म्हणून उद्दिष्टाच्या वेळेला किलोमीटरमागे दोन-तीन सेकंदांची शिल्लक ठेवून वेग ठरवावा.

वेळेची मर्यादा

सावकाश धावणाऱ्यांनी ही माहिती महिन्याच्याही आधी वाचावी, कारण एका वाक्यात अर्धे पर्याय गळून पडतात. बर्लिनची मर्यादा सव्वासहा तासांची आहे, अथेन्सची आठ तासांची. काही शर्यतींमध्ये केवळ अंतिम रेषेसाठी नव्हे, तर वाटेतल्या ठरावीक बिंदूंसाठीही मर्यादा असतात, आणि तिथे उशीर झाल्यास धावपटूला पदपथावर जावे लागते किंवा मागून येणाऱ्या बसमध्ये बसावे लागते. ही मर्यादा पहिल्या तुकडीच्या सुटण्यापासून मोजतात की शेवटच्या, हे नियमावलीत शोधावे. त्या एका तपशिलाने वीस-तीस मिनिटांचा फरक पडतो. सरावातील अंदाजित वेळ आणि मर्यादा यांत अर्ध्या तासाहून जास्त अंतर असेल तरच ती शर्यत निवडावी.

प्रवेश: लॉटरी, थेट नोंदणी आणि इतर वाटा

इथे बऱ्याच योजना बदलाव्या लागतात. लंडनच्या सार्वजनिक सोडतीत २०२५ च्या शर्यतीसाठी ८,४०,३१८ अर्ज आले होते, आणि २०२६ साठी ही संख्या अकरा लाखांच्या पुढे गेली. प्रत्यक्ष धावणाऱ्यांची संख्या पन्नास-साठ हजारांच्या घरात असते, आणि त्यातल्याही बऱ्याच जागा धर्मादाय संस्थांकडे जातात. याचा अर्थ असा की लंडनची सोडत दरवर्षी भरावी, पण वर्षाची योजना तिच्यावर उभी करू नये. वेगवान धावपटूंसाठी वयानुसार राखीव असलेल्या तिथल्या जागा ब्रिटनमधील रहिवाशांसाठीच आहेत, हेही परदेशी धावपटूने ध्यानात ठेवावे.

लंडनची सोडत साधारण एप्रिलमधील शर्यतीच्या सुमारास उघडते आणि बर्लिनची नोंदणी सप्टेंबरमधील शर्यत झाल्यानंतर. म्हणजे दोन्ही ठिकाणी जवळजवळ वर्षभर आधी अर्ज करावा लागतो. सोडतीत नाव आले नाही तर दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे धर्मादाय संस्थेची जागा. तिच्यासाठी ठरावीक रक्कम उभी करून देण्याचे वचन द्यावे लागते, आणि लंडनमध्ये ही रक्कम बऱ्याच संस्थांकडे दोन हजार पौंडांच्या आसपास असते. ज्या कामावर आपली श्रद्धा आहे त्या कामासाठी निधी जमवण्याची तयारी असेल तर ही वाट सुंदर आहे. केवळ छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक मिळवण्याची युक्ती म्हणून ती घेतली तर सरावाच्या ऐन महिन्यांत पैशाची चिंता डोक्यावर बसते. दुसरी वाट अधिकृत प्रवासी कंपन्यांची. त्यांच्याकडे आयोजकांनी दिलेल्या निश्चित जागा असतात, मात्र त्या बहुधा हॉटेलसह घ्याव्या लागतात. कंपनीचे नाव शर्यतीच्या अधिकृत यादीत आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसऱ्याच्या नावाचा क्रमांक विकत घेऊन धावणे बहुतेक शर्यतींत निषिद्ध आहे. नियम मोडल्याबद्दल बाद ठरणे हा त्यातला लहान धोका. रस्त्यात कोसळल्यास वैद्यकीय पथकाच्या हातात चुकीच्या माणसाची माहिती असणे हा मोठा.

बाकी पुष्कळ उत्तम शर्यती थेट नोंदणीने मिळतात. व्हिएन्ना, प्राग, फ्रँकफर्ट आणि अथेन्स यांच्याकडे लवकर नोंदणी करणाऱ्यास साधारणपणे जागा मिळते, फक्त लोकप्रिय शर्यतींच्या जागा बऱ्याच महिने आधी संपतात. स्लोव्हाकियातील कोशित्से हे नाव फारसे चर्चेत नसते, पण १९२४ पासून चालत आलेली ती युरोपातील सर्वांत जुनी मॅरेथॉन आहे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होते. परदेशातील पहिल्या शर्यतीसाठी थेट नोंदणीची, मध्यम आकाराची शर्यत निवडावी असा माझा आग्रह आहे, कारण तारीख हातात असली की बाकीचे सगळे शांतपणे ठरवता येते.

वैद्यकीय कागद आणि व्हिसा

फ्रान्समध्ये पूर्वी डॉक्टरांचे प्रमाणपत्र सक्तीचे असे. आता फ्रेंच अ‍ॅथलेटिक्स महासंघाचा परवाना नसलेल्या प्रौढ धावपटूंना आरोग्याच्या धोक्यांची जाणीव करून देणारी एक ऑनलाइन प्रक्रिया पूर्ण करून तिचा क्रमांक द्यावा लागतो. इटलीत वैद्यकीय तपासणीची अट पूर्वापार कडक आहे आणि परदेशी धावपटूंसाठीचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ज्या वर्षी धावायचे त्या वर्षीची नियमावलीच प्रमाण मानावी. मित्राने मागच्या वर्षी काय दिले होते, याला इथे महत्त्व नाही. बहुतेक इतर देशांत स्वतःची घोषणा पुरते. कागद लागो वा न लागो, चाळिशी ओलांडलेल्या आणि पहिल्यांदाच हे अंतर धावणाऱ्या व्यक्तीने हृदयाची तपासणी करून घेतलेली बरी.

व्हिसाच्या बाबतीत युरोपचे तीन भाग धरावेत. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, २९ देश येतात. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आइसलँड हे त्यात आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड यांचे व्हिसा स्वतंत्र आहेत, आणि तुर्कस्तानचाही वेगळा आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि प्रवास विम्याचे किमान संरक्षण ३०,००० युरोंचे असावे लागते. अनेक देश फिरायचे असतील तर जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी करता येत नाही, त्यामुळे लंडनच्या धावपटूने तो दिवस दिनदर्शिकेत आधीच नोंदवून ठेवावा.

अर्जाला शर्यतीच्या नोंदणीची पावती जोडावी, कारण प्रवासाचा हेतू आणि तारीख तिच्यातून स्पष्ट होतात. विमा घेताना स्पर्धात्मक क्रीडाप्रकार त्यातून वगळले आहेत का, हे बारीक अक्षरांत वाचावे. व्हिसासाठी पुरेसा असलेला विमा मॅरेथॉनमध्ये झालेल्या दुखापतीसाठी लागू होईलच असे नाही.

मुक्काम, क्रमांक आणि शर्यतीची सकाळ

मोठ्या शर्यतींत धावण्याचा क्रमांक आणि वेळ नोंदवणारी चिप आधीच्या दिवसांत शर्यतीनिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनाच्या ठिकाणी स्वतः जाऊन, मूळ ओळखपत्र दाखवून घ्यावे लागते. शर्यतीच्या सकाळी ते बहुधा मिळत नाही. म्हणून रविवारच्या शर्यतीसाठी शनिवारी संध्याकाळी पोहोचणारे विमान घेणे हा टाळण्याजोगा धोका आहे. शुक्रवारी क्रमांक घ्यावा आणि शनिवार पायांना द्यावा. वेळेच्या फरकाशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण दर तासाला एक दिवस लागतो असे मानतात. पूर्वेकडून युरोपात येणाऱ्याला एक फायदा असा की त्याला पहाटे आपोआप जाग येते, आणि शर्यतीच्या सकाळी तेच हवे असते.

हॉटेल निवडताना सुरुवातीची जागा आणि अंतिम रेषा नकाशावर टाकून पाहाव्यात. बर्लिन, प्राग आणि अ‍ॅमस्टरडॅमसारख्या शर्यतींत दोन्ही जवळजवळ एकाच भागात असतात. लंडनची शर्यत ग्रीनिच आणि ब्लॅकहीथच्या परिसरातून निघते आणि बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या रस्त्यावर संपते. अथेन्समध्ये आयोजकांच्या बसने पहाटे मॅरेथॉन गावात जावे लागते, आणि लिस्बनच्या शर्यतीसाठीही सकाळी काश्काइश गाठावे लागते. अशा वेळी मुक्काम अंतिम रेषेजवळ ठेवावा, कारण जाताना पाय ताजे असतात. हॉटेलचा रविवारचा नाश्ता किती वाजता सुरू होतो, हे आरक्षणापूर्वी विचारावे. उशिरा सुरू होत असेल तर खोलीत खाता येईल अशी सोय असलेली जागा घ्यावी. सोडतीचा निकाल येण्यापूर्वी खोली राखून ठेवायची असल्यास विनामूल्य रद्द होणारी घ्यावी, कारण निकालानंतर त्या आठवड्यातील दर चढलेले असतात.

बूट, धावण्याचे कपडे आणि क्रमांकाच्या पिना हातातल्या पिशवीत न्याव्यात. एनर्जी जेल, म्हणजे धावताना ऊर्जेसाठी घ्यायचे दाट गोड मिश्रण, हे सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थ धरले जाते, म्हणून ते तिथल्या मर्यादेतच बसवावे किंवा मोठ्या बॅगेत ठेवावे. वाटेत कोणते पेय आणि कोणते जेल मिळणार आहे, हे आयोजक आधी सांगतात. ते सरावात वापरून पाहावे आणि पोटाला मानवत नसेल तर स्वतःचे बरोबर न्यावे. पाच-सहा अंशांत तासभर उभे राहावे लागते, त्यासाठी टाकून देता येईल असा जुना स्वेटर हवा. पुष्कळ शर्यतींत असे कपडे गोळा करून गरजूंना दिले जातात.

निवडीची तीन उदाहरणे

समजा, एका धावपटूची सर्वोत्तम वेळ ४ तास १० मिनिटे आहे आणि त्याला चार तासांच्या आत यायचे आहे. तो उष्ण हवामानात सराव करतो. हेतू वेळेचा असल्यामुळे अथेन्स, रोम आणि व्हेनिस बाद होतात. सरावाच्या काळाचा विचार करता बर्लिन मागे पडते. उरतात त्या फ्रँकफर्ट आणि व्हॅलेन्सिया. दोन्ही सपाट आहेत. फ्रँकफर्टची अंतिम रेषा प्रदर्शन संकुलातील भव्य सभागृहाच्या आत आहे आणि व्हॅलेन्सियाची पाण्यावर उभारलेल्या निळ्या मंचावर. व्हॅलेन्सियाला सरावाचे पाच-सहा आठवडे जास्त मिळतात आणि हवा सहसा सौम्य असते. मी तिला पहिली पसंती देईन आणि जागा संपल्या असतील तर फ्रँकफर्टला.

दुसरी धावपटू पहिलीच मॅरेथॉन धावणार आहे आणि तिला साधारण पावणेसहा तास लागतील असा अंदाज आहे. तिने सव्वासहा तासांची मर्यादा असलेल्या शर्यतीत जाऊन पावणेसहा तास घड्याळाच्या धाकात धावू नये. लंडनमध्ये शेवटपर्यंत प्रेक्षक असतात आणि सावकाश धावणाऱ्यांनाही मान मिळतो, पण जागेची शाश्वती नाही. डब्लिनचे प्रेक्षकही आपुलकीसाठी ओळखले जातात, फक्त तिथेही सोडत आहे आणि व्हिसा आयर्लंडचा लागतो. तिने दोन्ही सोडती भराव्यात आणि सोबत सात तासांच्या आसपास मर्यादा असलेली, थेट नोंदणीची एक वसंतातली शर्यत हातात ठेवावी.

तिसऱ्याला वेळेची पर्वा नाही आणि एखादी गोष्ट अनुभवायची आहे. त्याच्यासाठी उत्तर जवळजवळ निर्विवादपणे अथेन्स आहे. डोंगर प्रिय असतील तर युंगफ्राऊ, आणि मावळत न जाणाऱ्या सूर्याखाली रात्री धावायचे असेल तर जूनमधील नॉर्वेतील ट्रॉम्सो.

उलट्या क्रमाने वेळापत्रक

शर्यत ठरली की तारखेपासून मागे मोजत जावे. बारा महिने आधी सोडत किंवा नोंदणी, आणि तिच्याच आठवड्यात रद्द होणारे हॉटेल. सहा महिने आधी शेंगेन व्हिसाची पहिली उपलब्ध तारीख. त्यानंतर लगेच सरावाचे सोळा ते वीस आठवडे सुरू होतात, आणि त्या काळात एक अर्धमॅरेथॉन उद्दिष्टाच्या वेगाची चाचणी म्हणून धावावी. तीन महिने आधी वैद्यकीय कागद आणि ब्रिटनचा व्हिसा. शेवटच्या तीन आठवड्यांत धावांचे अंतर कमी करावे आणि वाटेतले जेल, बूट, मोजे यांत काहीही नवे आणू नये. परतीचे विमान शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचे घ्यावे आणि आसन मार्गिकेच्या बाजूचे मागावे, म्हणजे दर तासाला उठून चालता येते आणि मॅरेथॉननंतर लांब बसून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.